जोडणाऱ्याचे कर्तेपण

मध्यम किमतीचा गेमिंग संगणक सुटे भाग आणून स्वतः जोडावा की तयार संच घ्यावा, हा प्रश्न आपल्याकडे हिशेबाचा म्हणून सोडवला जातो. प्रोसेसर, ग्राफिक कार्ड, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट यांच्या किमतींची बेरीज करायची, ती तयार संचाच्या किमतीतून वजा करायची आणि उरेल ते 'वाचले' म्हणायचे. हिशेब चुकीचा नाही, अपुरा आहे. कारण संगणक सुरू झाल्यावर जोडणारा मुलगा 'पैसे वाचवले' एवढ्यावर थांबत नाही, 'हा मी बनवलाय' असे म्हणतो. त्याचे हे म्हणणे खरे की खोटे, आणि खरे असेल तर त्यातून त्याच्यावर काय येऊन पडते, हे त्या बेरीज-वजाबाकीत कुठेच दिसत नाही. आपल्या दर्शनांनी मात्र यावर शतकानुशतके वाद घातला आहे. अनेकांनी केलेले भाग एकाने जोडले, तर झालेली वस्तू त्या भागांहून वेगळी असते का? आणि तिचा कर्ता कोणाला म्हणायचे?

गोदामांच्या आणि मागांच्या भिवंडीत हा वाद पोथीतला राहत नाही. माणकोली ते अंजूरफाटा आणि काल्हेर, राहनाळ, पूर्णा, वळ या पट्ट्यातली गोदामे मुंबईच्या जकात नाक्यांबाहेर, महामार्गाच्या कडेला म्हणून वाढली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, जकात गेली, तरी गोदामे वाढतच राहिली. ऑनलाइन मागवलेले सुटे कार्ड असो की खोक्यात बंद तयार संच, मुंबई-ठाण्यातल्या घरी पोहोचण्याआधी त्याचा मुक्काम बऱ्याचदा इथल्याच एखाद्या शेडमध्ये पडतो. आणि गोदामांच्या पलीकडे, शहरात, माग आहेत. १९८२च्या गिरणी संपानंतर मुंबईचे कापड ज्या गावांकडे सरकले त्यांत भिवंडी आघाडीवर होती. मजुरीवर चालणाऱ्या कारखान्यात सूत व्यापाऱ्याचे असते. सुताला खळ चढवण्याचे सायझिंग एकाकडे होते, वहीफणीतून धागे ओवणारा दुसरा, कांड्या भरणारा तिसरा, माग चालवणारा चौथा, आणि माग अडला की हाक तो दुरुस्त करणाऱ्या जॉबरला. विणून झालेले कोरे कापड पुन्हा व्यापाऱ्याचेच, ते रंगाई-छपाईला आणखी कुठेतरी जाते. हे कापड कोणी केले असे विचारले तर कारखान्यातला कोणीही चटकन 'मी' म्हणणार नाही, आणि तसे न म्हणणारा प्रत्येक जण थोडा तरी कर्ता असतोच.

ब्रँडेड संच म्हणजे अस्सल आणि जोडलेला म्हणजे जुगाड, असे समजणाऱ्यांनी संगणकाचा इतिहास एकदा तपासावा. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला तेव्हा त्यात प्रोसेसर इंटेलचा ८०८८ होता, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची होती आणि फ्लॉपी ड्राइव्ह टँडन कंपनीचे होते. घाईत यंत्र उभे करायचे होते म्हणून आयबीएमने बाजारातले भाग घेतले आणि रचना खुली ठेवली. पुढच्याच वर्षी कॉम्पॅकने त्या रचनेला जुळणारे यंत्र जाहीर केले. १९९५ साली इंटेलने एटीएक्स हे माप ठरवून दिले, आणि कोणाचाही मदरबोर्ड कोणाच्याही कॅबिनेटमध्ये बसू लागला. मुंबईतला लॅमिंग्टन रोड संगणकासाठी नावारूपाला आला तो याच खुलेपणावर. आजही कंपनीच्या तयार संचात आणि घरी जोडलेल्या संचात ग्राफिक कार्डाची चिप बहुधा एकाच ठिकाणी, तैवानच्या टीएसएमसीच्या कारखान्यात, घडलेली असते, आणि ती घडवणारी सर्वात बारीक कामाची यंत्रे नेदरलँड्सच्या एएसएमएलकडून आलेली असतात. म्हणजे कंपनी निर्माती आणि घरचा मुलगा नुसता जोडारी, हा भेद टिकत नाही. दोघेही जोडारीच आहेत. जोडण्याला कर्तृत्व म्हणायचे की नाही, एवढेच ठरवायचे राहते.

न्याय-वैशेषिकांचे उत्तर स्पष्ट होकाराचे आहे, आणि त्यांचे आवडते उदाहरण भिवंडीला शोभेल असे आहे: धागे आणि कापड. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त विद्यार्थ्याला कारणाचे तीन प्रकार याच उदाहरणाने शिकवले आहेत. धागे हे कापडाचे समवायी कारण, कारण कापड त्यांच्यातच राहते. धाग्यांचा परस्परसंयोग हे असमवायी कारण. माग, धोटा, विणकर ही सगळी निमित्त कारणे. यातले दुसरे कारण मला सर्वात महत्त्वाचे वाटते. नैयायिकांनी संयोगाला, म्हणजे नुसत्या जुळणीला, कारणाचा स्वतंत्र दर्जा दिला. धागे सगळे हजर आहेत, माग आहे, विणकर उभा आहे, पण उभे-आडवे धागे एकमेकांत गुंतले नाहीत तर कापड नाही. आणि ते गुंतले की जे होते तो धाग्यांचा ढीग नसतो. ती नवी वस्तू असते, तिला ते 'अवयवी' म्हणतात. एक टोक धरून ओढले की सगळे कापड येते, सुताच्या ढिगाचे तसे होत नाही, असा त्यांचा साधा पण चिवट युक्तिवाद आहे.

संगणकाने हा युक्तिवाद आणखी पक्का होतो. समजा रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०६० हे कार्ड घेतले, दोन्ही निर्दोष. सगळे नीट बसवले, आणि शेवटी मॉनिटरची केबल कार्डाच्या खाचेत लावण्याऐवजी वरच्या, मदरबोर्डच्या खाचेत लावली. पडदा उजळतो, विंडोज चालते, कुठेही त्रुटीचा संदेश येत नाही, कारण या प्रोसेसरच्या पोटातच चित्र दाखवण्याची किरकोळ सोय आहे. फक्त खेळ रखडत चालतात. हजारो रुपयांचे कार्ड आत स्वस्थ बसलेले असते आणि मालक कार्ड खराब आले म्हणून दुकानदाराशी भांडायला निघतो. तीच गत रॅमची. दोन पट्ट्या शेजारशेजारच्या खाचांत घातल्या तर दोन्ही चालतात, पण बहुतेक मदरबोर्डवर त्या एक सोडून एक बसवल्याशिवाय पूर्ण वेग देत नाहीत. ६००० वेगाची म्हणून घेतलेली डीडीआर५ रॅम बायोसमध्ये जाऊन सांगेपर्यंत बहुधा ४८००वरच धावते. एकाही भागात दोष नाही आणि वस्तू सदोष आहे. दोष राहतो कुठे? संयोगात. भागांच्या यादीत न सापडणारी गोष्ट जर वस्तूला बिघडवू शकते, तर तीच गोष्ट वस्तूला घडवतेही, हे मान्य करावे लागते. कॅबिनेटमधला उष्मा घ्या. या प्रोसेसरसाठी ६५ वॅट आणि कार्डासाठी ११५ वॅट असे आकडे खोक्यांवर असतील, पण कार्डाची ऊब प्रोसेसरला किती तापवेल हे कोणत्याच खोक्यावर छापलेले नसते. पंखे कुठे आणि कोणत्या तोंडाने बसवले त्यावर ते ठरते. भाग विकत मिळतात, जुळणी विकत मिळत नाही. तयार संच घेणाराही कुणाची तरी जुळणीच घेत असतो, हे त्याला दिसत नाही इतकेच.

यावरचा सर्वात जुना आणि जबरदस्त आक्षेप बौद्धांचा. भिवंडी तालुक्यातच लोणाडला बौद्ध लेणी आहेत, तेव्हा हा आक्षेप इथे परका नाही. 'मिलिंदपन्हा' या बौद्ध ग्रंथात भदन्त नागसेन मिलिंद राजाला विचारतात की ज्या रथातून तू आलास तो रथ म्हणजे चाके का, आस का, जू का? यांपैकी एकही नाही. मग या सगळ्यांचा ढीग म्हणजे रथ? नाही. यांच्याहून वेगळे काही? तेही नाही. तर 'रथ' हे भागांच्या आधाराने दिलेले व्यवहारातले नाव, इतकेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला मिलिंदाचे आणि परिसराला नागसेनाचे नाव दिले, म्हणून हा संवाद निदान नावाने तरी मराठी घरांत पोहोचलेला आहे. नागसेनांचे खरे मानले तर 'हा मी बनवलाय' यातले 'हा' आणि 'मी' दोन्ही गळून पडतात. वस्तूच्या बाबतीत मी नैयायिकांच्या बाजूने आहे. केबलचा दोष नुसत्या नावाचा असता तर नाव बदलून सुटला असता. तो केबल बदलूनच सुटतो. पण 'मी'च्या बाबतीत नागसेनांशी भांडायचे कारण नाही, कारण त्याच ग्रंथात ते पुढे एक गोष्ट सांगतात. आंबा चोरणारा पकडला गेला आणि म्हणाला, मालकाने लावलेला आंबा वेगळा होता, मी तोडलेला वेगळा. राजा त्याला सोडणार नाही. पहिल्यातून दुसरा आला, त्यामुळे चोर जबाबदारच. कायमचा कर्ता नाकारणारे नागसेन उत्तरदायित्व मात्र जराही सैल करत नाहीत. कर्तेपणाचा अभिमान सोडता येतो, भार सोडता येत नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात हेच दुसऱ्या अंगाने येते. कोणत्याही कर्माची पाच कारणे तिथे मोजली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, वेगवेगळ्या हालचाली आणि पाचवे दैव. असे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असा निर्वाळाही लगेच दिला आहे. स्क्रू पिळून संगणक सुरू केलेल्याने तो प्रामाणिकपणे वाचावा. त्याच्या हाताचे काम खरे आहे, पण पाचांतले एक आहे. मोमीन विणकरांच्या या गावात आणखी एक आठवण अस्थानी होणार नाही. कुराणात दाऊद पैगंबरांसाठी लोखंड मऊ केल्याचे आणि चिलखत करताना कड्यांची गुंफण मापात ठेवण्याची आज्ञा दिल्याचे सांगितले आहे, आणि हदीसमध्ये दाऊद स्वतःच्या हाताच्या कमाईचे खात असल्याचा गौरव आहे. लोखंड दाऊदांनी निर्माण केले नाही. त्यांच्याकडून मागितले ते मापात जोडणे आणि नीट वागणे. नागसेन, गीता आणि कुराण या तिन्हींची तत्त्वे परस्परांशी जुळत नाहीत, आणि ती ओढूनताणून जुळवण्यात मला रस नाही. पण जोडणाऱ्याने काय मिरवावे आणि काय सांभाळावे, याबद्दल त्यांचा रोख एकाच दिशेला आहे.

गंमत म्हणजे आपला कायदाही तिथेच पोहोचला आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधली 'उत्पादन निर्माता' या संज्ञेची व्याख्या पाहा. वस्तू किंवा तिचे भाग बनवणारा तर निर्माता आहेच, पण इतरांनी बनवलेले भाग जोडणाराही निर्माता आहे, आणि दुसऱ्याच्या वस्तूवर आपले चिन्ह लावणाराही. अन्नंभट्टाने असमवायी कारणाला दिलेला मान संसदेने अशा रीतीने जोडणाऱ्याला दिला, फक्त हार घालून नाही, दायित्व लादून. सदोष वस्तूमुळे कुणाला इजा झाली किंवा इतर मालमत्तेचे नुकसान झाले तर भरपाई मागायला हा माणूस समोर हवा, म्हणून. वस्तू नुसती बंद पडणे यात मोडत नाही, ती तक्रार वेगळ्या वाटेने जाते. पण मुद्दा स्पष्ट आहे. कायद्याला 'निर्माता' हवा असतो तो जाब विचारण्यासाठी.

आता मूळ प्रश्नाकडे पाहिले की तयार आणि जोडलेल्या संचातला फरक नीट दिसतो. तयार संचाची जी जास्त किंमत असते तिचा मोठा भाग या जाब देण्याची किंमत आहे. एक कंपनी, एक वॉरंटी, एक फोन नंबर. स्वतः जोडलेल्या संचात प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते, काही वेळा तयार संचापेक्षा जास्त वर्षांची. पण संपूर्ण वस्तूची वॉरंटी कोणाचीच नसते. कार्डवाला म्हणतो कार्ड ठीक आहे, बोर्डवाला म्हणतो बोर्ड ठीक आहे, आणि दोघेही खरे बोलत असतात. अवयवांचे वाली सापडतात, अवयवीचा वाली एकच, ज्याने जोडले तो. नवा डीडीआर५ बोर्ड पहिल्यांदा सुरू केला की रॅमशी जमवून घेण्यात काही मिनिटे घालवतो. तेवढा वेळ पंखे फिरतात आणि पडदा काळा असतो. ज्याला हे माहीत नाही तो घाबरून वीज बंद करतो. त्या काळ्या पडद्यासमोर विचारायला कोणी नसते, ही स्वतः जोडण्याची खरी अट आहे, आणि तिच्यातच त्याचा खरा लाभ आहे. वर्षभराने आवाज वाढला, वेग मंदावला, तर कुठे हात घालायचा हे ज्याने जोडले त्याला ठाऊक असते.

पैशाच्या बाजूने आक्षेप येईल की एवढे तत्त्वज्ञान कशाला, स्वतः जोडले की स्वस्त पडते, संपले. हे नेहमीच खरे नसते. २०२१च्या सुमारास कोरोनाकाळातला तुटवडा आणि क्रिप्टो-खाणकामाची हाव यांमुळे सुटी ग्राफिक कार्डे छापील किमतीच्या कितीतरी वर विकली जात होती. कंपन्यांना कार्डे ठोक भावात मिळत असल्याने तयार संच घेणेच पुष्कळदा परवडत असे. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या क्रिप्टो-चलनाने खाणकामाची पद्धत सोडली आणि तो दबाव ओसरला. बचत बाजाराच्या लहरीवर असते, तिच्यावर स्वावलंबनाचे मंदिर बांधू नये. स्वदेशीचा दावाही इथे लागू पडत नाही. तैवानची चिप ठाण्यात जोडली म्हणून ती खादी होत नाही.

दुसरा आक्षेप मानसशास्त्राचा आणि जास्त बोचरा आहे. नॉर्टन, मोशॉन आणि एरिअली यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोक स्वतः जोडलेल्या खोक्याला किंवा स्वतः घडी घातलेल्या कागदी पक्ष्याला इतरांपेक्षा जास्त किंमत द्यायला तयार होते. म्हणजे 'माझे' वाटणे हा नुसता भ्रम आहे, असे म्हणता येईल. पण त्याच प्रयोगांत काम अर्धवट राहिले किंवा जोडलेले मोडून टाकले की ही ओढ नाहीशी झाली. माणसाला नुसते श्रम प्रिय नसतात, तडीस गेलेली जुळणी प्रिय असते. किमतीचा अंदाज फुगतो हे मान्य. त्यावरून जुळणी खोटी ठरत नाही. ओढ फुगलेली असेल तर तिची परीक्षा एकच: यंत्र बिघडल्यावर तो माणूस कॅबिनेट उघडतो की नाही?

तिसरा आक्षेप मला सर्वात वजनदार वाटतो. हौसेने दोन तास स्क्रू पिळणाऱ्याने कर्तेपणाची भाषा करावी, आणि बारा-बारा तासांच्या पाळ्यांत माग चालवणाऱ्याचा त्याच्या कापडावर ना हक्क ना नाव, ही विसंगती नाही का? आहे. आपल्या समाजाने हाताने करणारा आणि वापरणारा यांत जन्मावरून भिंत घातली. जातिव्यवस्था कामांबरोबर माणसांचीही विभागणी करते, हे आंबेडकरांनी १९३६मध्येच ठणकावून सांगितले. अवजार हातात घेणे म्हणजे कमीपणा, ही समजूत सुशिक्षित घरांतून अजून गेलेली नाही. दसऱ्याला यंत्रावर हळद-कुंकू वाहणारे हात वर्षभर त्याचे झाकण उघडायला कचरतात. म्हणूनच हौसेची जोडणीही मला क्षुल्लक वाटत नाही. मात्र तिने शिकवायला हवे ते हे, की जुळणी हे खरे काम आहे आणि ते दुसऱ्याने केले तेव्हाही खरेच होते. स्वतःच्या संगणकाबद्दल 'मी बनवलाय' म्हणणाऱ्याला मागावरच्या माणसाबद्दल 'तो नुसता माग चालवतो' असे म्हणता येणार नाही. गोदामात खोकी हुडकून, बांधून, गाडीत चढवणाऱ्यांच्या हालचालीही गीतेच्या त्या पाचांत बसतात.

तेव्हा माझे मत असे. ज्याची सहा महिन्यांनी झाकण उघडण्याची तयारी आहे त्याने खुशाल जोडावा. मागांच्या शेजारी राहणाऱ्या घरांत सुताचे तंतू हवेतच असतात, ते पंख्याच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या फटींत नमद्यासारखे बसतात. ते काढायचे काम कोणतीही कंपनी घरी येऊन करणार नाही. ज्याला ही जबाबदारी नको त्याने तयार संच घ्यावा, जास्तीची किंमत देताना आपण कशाची किंमत देतो हे ओळखावे आणि त्यात कमीपणा मानू नये. आणि आपल्याकडे बराच चालणारा तिसरा मार्ग, दुकानदाराकडून जोडून घेण्याचा, जे पत्करतात त्यांना एक विनंती आहे. सुट्या भागांची यादी एवढेच बिल घेऊन निघू नका. प्रत्येक भागाचा क्रमांक, 'जोडून दिलेला संच' असा उल्लेख आणि जोडणाऱ्या दुकानाचे नाव त्यावर लिहून घ्या.